दोनशे अठराची कड

४ फेब्रुवारी, रविवार

टपालरावाला आज एकदम अकरा बिल्ले मिळाले. मला पहिले अकरा जमवायला चौदा महिने लागले होते, आणि त्यातले दोन वाकडे होते.

टपालराव म्हणजे माझा साडू, हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जन्मभर पोस्टमन होता, म्हणून सासऱ्यांनी लाडाने ठेवलेलं नाव. मला सासऱ्यांनी नाव ठेवलं नाही, नावं मात्र ठेवली. मी खाणीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर, कधी खाली उतरलो नाही. ते एकतीस वर्षं खाली. मला ते ‘वरचा माणूस’ म्हणायचे आणि त्यात कौतुक नसायचं.

खाण बंद पडली त्या वर्षापासून, म्हणजे बावीस वर्षं, मी कामगारांचे बिल्ले जमवतोय. पितळेची चकती, मोठ्या बटणाएवढी. मध्ये ठोकलेला नंबर, वर टांगायला भोक. उतरताना माणूस लॅम्परूमच्या खिडकीत बिल्ला द्यायचा आणि दिवा घ्यायचा. बिल्ला आत फळीवरच्या खिळ्याला लागायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. पाळी सुटून गेल्यावरही खिळ्यावर बिल्ला दिसला, तर कोणीतरी खाली राहिलं.

माझ्याकडे तीनशे बेचाळीस आहेत. टपालराव गेल्या ऑगस्टपर्यंत बिल्ला कशाशी खातात हे विचारत होता. आज त्याच्याकडे एकशे नव्वद. कानामागून आला आणि तिखट झाला.

त्याला मिळतात कसे, तर पोस्टमन होता म्हणून. घराघरात जाऊन याने लोकांची पत्रं वाचून दाखवलेली. दार वाजवलं की म्हातारी आधी चहा टाकते, मग ट्रंक उघडते. मी दार वाजवलं की विचारतात, कोण हवंय.

६ फेब्रुवारी

हिने आज पुन्हा टपालरावासाठी डबा भरला. धाकटी मे महिन्यात गेली तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डबा जातो. माझी तक्रार नाही. माणूस एकटा आहे. पण त्याच्या डब्यातली भाजी आणि माझ्या ताटातली भाजी यात फरक असतो, हे मी जिभेवर हात ठेवून सांगतो. तो ‘ताई’ म्हणतो तेव्हा हिचा चेहरा जसा होतो, तसा माझ्या ‘अगं’ला छत्तीस वर्षांत झालेला नाही.

संध्याकाळी ही माझ्या शर्टाचं बटण लावत बसली होती. सुईदोरा ठेवायला हिच्याकडे सासऱ्यांची जेवणाची जुनी पत्र्याची डबी आहे. झाकणाची कड मोडकी, खाचा पडलेल्या. मी शंभरदा म्हटलं असेल, दे, पाच मिनिटांत कड सरळ करून देतो. हातच लावू देत नाही. घरात टर्नर आणि डबी वाकडी.

११ फेब्रुवारी, रविवार

वाचनालयातली एक खोली खाणकामगारांच्या वस्तूंसाठी देणार आहेत. मार्चअखेरीस उघडायची. ग्रंथपाल बाईंना गेली सात वर्षं मी हेच सांगत होतो. आणि बिल्ले ओळखून मांडायचं काम त्यांनी कोणाला दिलं? टपालरावाला. मला म्हणाल्या, ‘तुमचाही संग्रह आहे ना? त्यांना मदत करा.’

त्यांना मदत करा. मी त्याला पहिल्यांदा नंबर कुठून वाचायचा ते दाखवलं होतं.

त्याचे बिल्ले बघवत नाहीत. काळे, चिकट, कडेला चावल्यासारखे. माझे बघा. प्रत्येक बिल्ला व्हाइसच्या पकडीत धरून, बारीक कानशीने कड गोल केलेली, मग पॉलिश. चकती गोल नसेल तर ती चकती कसली. बाईंना मी हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, छान दिसतात. ‘छान दिसतात’ हे मुलीच्या लग्नात फुलवाल्याला म्हणतात.

मुख्य मांडणी एकाच बिल्ल्याची करणार आहेत, बाकीचे भोवती. एक बिल्ला, त्याच्या माणसाची पूर्ण हकिकत, पुराव्यासह. माझ्याकडे दोनशे अठरा आहे. सासऱ्यांचा नंबर. आता नंबर एक असला तरी माणसं अनेक असायची. एक निवृत्त झाला की तोच नंबर दुसऱ्याला नवा ठोकून देत. त्यामुळे हा सासऱ्यांचाच असं छातीठोकपणे सांगता येत नाही. मी सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी भंगारवाल्याच्या पोत्यात सापडला. चार संध्याकाळी खपून नव्यासारखा केला, आणि हिच्या तळहातावर ठेवला. माझ्या आयुष्यात मी हिला दिलेली ती सगळ्यात चांगली वस्तू. ही बघत राहिली. अंगठा फिरवला, म्हणाली, ‘चकचकीत झालाय हो,’ आणि स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. हाच बिल्ला टपालरावाने आणला असता तर गल्लीभर दाखवला असता.

१७ फेब्रुवारी, शनिवार

टपालराव मला दिवेवाल्या आजीकडे घेऊन गेला. आजीने लॅम्परूमच्या खिडकीत अठ्ठावीस वर्षं काढली. आता डोळे गेलेत. बाईंनी सांगितलंय की तिच्याकडून जेवढे ओळखता येतील तेवढे ओळखून घ्या. जिला दिसत नाही ती काय ओळखणार, असं मी वाटेत म्हटलं. तो नुसता हसला. त्याचं हसणंही मला हल्ली सोसत नाही.

आजीने त्याचा एक काळा बिल्ला हातात घेतला. नंबरावर बोट नेलंच नाही. कडेवरून अंगठा फिरवला, भोकापासून भोकापर्यंत, आणि म्हणाली, ‘एकच खाच, भोकाच्या बरोबर खाली. हा उंच माणूस, खोकायचा. बायको मागच्या ओळीत राहायची.’

मी म्हटलं, आजी, खाच म्हणजे आपटून खराब झालेली कड.

‘कोण बोलतंय हे?’ तिने विचारलं. टपालरावाने सांगितलं, माझे थोरले साडू, वर्कशॉपमध्ये होते.

‘वरचे होय,’ आजी म्हणाली. ‘पाळी सुटली की तीनशे माणसं खिडकीशी. हात काळे, बिल्ले काळे. नंबर कोण वाचणार, निम्म्यांना वाचता यायचा नाही. मी बिल्ला पुढे करायचे, तो अंगठा फिरवून बघायचा, आपलाच ना. ज्याने त्याने आपली खाच आपण पाडलेली असायची.’

पुढे ती आणखी काय काय सांगत होती, फावड्यांचं, डब्यांचं. माझं लक्ष नव्हतं. माझ्या खिशात दाखवायला आणलेले पाच उत्तम बिल्ले होते, ते मी काढूच नयेत असं वाटत होतं. पण टपालरावानेच आठवण केली.

आजीने पाचही फिरवून बघितले. पुन्हा बघितले. म्हणाली, ‘यांना कुणी भादरलं?’

मी काही बोलायच्या आत टपालराव म्हणाला, ‘आजी, ते तसेच मिळालेत.’ त्याला पक्कं ठाऊक आहे की ते तसे मिळालेले नाहीत. मी कानस कशी चालवतो हे मीच त्याला दोन तास बसवून दाखवलं होतं. म्हणजे आता माझ्यावर उपकार करणार.

१८ फेब्रुवारी

झोप नीट लागली नाही. सगळ्यांना काही खाचा नसणार. फारतर निम्म्यांना. निम्म्यातल्याही पुष्कळ खरोखर आपटून झालेल्या. आणि दोनशे अठराला तर नव्हत्याच, असं मला आठवतं.

कोणता बिल्ला कसा मिळाला आणि त्यात काय दुरुस्त केलं, याच्या माझ्या नोंदवह्या आहेत. माळ्यावर. बघायला हव्यात. पण गुडघे दुखताहेत, शिडी चढवत नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

टपालरावाला दोनशे अठरा मिळाला.

मी हे वाक्य लिहून दहा मिनिटं बसलो आहे. अंगाचा तिळपापड होतो म्हणजे काय ते आज कळलं. बावीस वर्षांत मला एक मिळाला, याला सात महिन्यांत. तोही कुणा विधवेने फडक्यात बांधून दिलेला.

सकाळी तो घाईघाईने आला, चपलाही नीट काढल्या नाहीत. हिला म्हणाला, ‘ताई, हा बघा बरं.’ त्याचा हात थरथरत होता. मला वाटलं, आनंद मावत नाहीये गड्याच्या पोटात.

हिने पदराला हात पुसले. डोळे मिटले आणि अंगठा कडेवरून फिरवला, आजीसारखाच. मग बिल्ला त्याच्या हातात परत ठेवला. ‘नाही. हा बाबांचा नाही.’

टपालरावाचं तोंड एवढंसं झालं. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला चहा घेऊन जा म्हटलं. तो थांबला नाही.

तो गेल्यावर मी हिला विचारलं, म्हणजे माझ्याकडचाच खरा ना? ही भाजी निवडत होती. म्हणाली, ‘तुमच्याकडच्याचं आता काय सांगू.’

सरळ उत्तर द्यायचं नाही, हा यांच्या माहेरचा गुण आहे.

२७ फेब्रुवारी

वाचनालयात बाई सांगत होत्या की आजीला सासरे चांगले आठवतात. दोनशे अठरा, बुटका, पाळी सुटताना सगळ्यांत शेवटी यायचा. त्याच्या बिल्ल्याला तीन खाचा होत्या. तसा बिल्ला सापडला तर मुख्य मांडणी त्याचीच करू, कारण थोरली मुलगी, दोन जावई, सगळी हकिकत हाताशी आहे.

तीन खाचा. टपालरावाच्या दोनशे अठराला एकच आहे. माझ्याला एकही नाही.

नऊ तारखेला आजीला वाचनालयात आणणार आहेत. तेव्हा शेवटची ओळख.

२ मार्च, शनिवार

इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून लिहितो.

ही टपालरावाचा डबा घेऊन गेली होती. मी दार लावलं, व्हाइस काढला, दोनशे अठरा त्यात धरला आणि त्रिकोणी कानशीने तीन खाचा पाडल्या. खोली सारखी, रुंदी सारखी. मग काजळी आणि तेल चोळून काळ्या केल्या. एकूण पाऊण तास लागला. हात अजून स्थिर आहे, एवढं मात्र मनात आलं.

चोरी वगैरे काही नाही ही. बिल्ला सासऱ्यांचाच आहे, हे मला आतून माहीत आहे. नुसतं आतून माहीत असून भागत नाही, म्हणून पुरावा दिला. आणि कोणाच्या पायी द्यावा लागला? सात महिन्यांच्या कोवळ्या संग्राहकाच्या.

ही परत आली तेव्हा हातातली काजळी साबणाने जात नव्हती. म्हणाली, काय करत होतात? मी म्हटलं, स्टोव्ह साफ केला. स्टोव्ह घरात नाही, हे मला नंतर आठवलं.

९ मार्च, शनिवार

वाचनालयाच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं होतं. आजी खुर्चीत, बाई वही घेऊन, टपालराव आणि मी समोरासमोर. माझी पेटी मी मखमलीच्या कापडात नेली होती.

आजीने त्याचे बावीस ओळखले. प्रत्येकाला माणूस मिळाला: हा भांडकुदळ, हा लाजरा, याला पाच मुली, हा खाली गेला तो परत वर आला नाही. ते शेवटचं सांगताना तिने बिल्ला जरा जास्त वेळ हातात ठेवला. बाई भराभर लिहीत होत्या. मी त्यांच्या लिहिण्याकडे बघत होतो. माझ्या बोलण्यातलं त्यांनी आजवर एक अक्षर टिपलेलं नाही.

मग मी दोनशे अठरा दिला. आजीचा अंगठा भोकापासून निघाला. पहिल्या खाचेवर थांबला. दुसऱ्या. तिसऱ्या.

‘हा माणसाच्या हातचा नाही,’ आजी म्हणाली. ‘तीन खाचा आहेत, पण तिन्ही सारख्या अंतरावर. घड्याळाचं चाक असतं तशा. अंधारात चाचपायला कोण अशा पाडेल? कुठून सुरुवात तेच कळणार नाही.’ तिने नख घातलं, नखाला काळं लागलं. ‘आणि ताज्या आहेत.’

बाईंनी लिहायचं थांबवलं. दोन, सहा आणि दहाच्या ठिकाणी, मापून पाडल्या होत्या. जन्मभर सारख्या अंतराचीच सवय.

टपालराव म्हणाला, ‘बाई, तो माझा आहे. मी नमुना म्हणून घरी करून बघत होतो. दादांच्या पेटीत चुकून गेला असेल.’

बाईंचा चेहरा लाल झाला. म्हणाल्या, पुराव्याच्या वस्तूवर कानस चालवणाऱ्या माणसाकडे हे काम ठेवता येणार नाही. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. टपालराव मान खाली घालून उभा राहिला. त्याने स्वतःचे बिल्ले पिशवीत भरले, आजीला हात धरून रिक्षात बसवलं आणि गेला.

टेबलावर राहिलेला दोनशे अठरा मी मखमलीत गुंडाळून खिशात टाकला.

दालनाचं काम आता माझ्याकडे आहे. बाईंनी किल्ली दिली.

१० मार्च

किल्ली टेबलावर पडली आहे.

संतापाने डोकं फुटायची वेळ आली आहे आणि संताप त्याच्याचवर आहे. हा कोण मला वाचवणारा? बिल्ल्यांत पुढे गेला, लोकांत पुढे गेला, सासऱ्यांचा लाडका, हिचा लाडका, आणि आता चांगुलपणातही पुढे. माणसाने दुसऱ्याला निदान वाईट असण्यात तरी एकटं सोडावं.

हिने डबा भरला आणि मला म्हणाली, आज तुम्ही नेऊन द्या. मी म्हटलं, पाय दुखतात. ती स्वतः गेली. परत आली ती रिकामा डबा घासत बसली, आणि तिने काय ऐकलं ते मी विचारलं नाही.

१२ मार्च, मंगळवार

माळ्यावर चढलो. गुडघ्यांना काही झालं नाही.

नऊ वर्षांपूर्वीची वही. पान चाळीस. माझंच अक्षर, माझीच मापं:

‘क्र. २१८. भंगारातून. पितळ चांगलं. दोष: कडेला तीन खाचा. भोक बाराच्या ठिकाणी धरल्यास पहिली एकजवळ, दुसरी दोनजवळ, तिसरी सातजवळ. खोली असमान, चाकूने केल्यासारख्या. कड घासून पूर्ण गोल केली. चार संध्याकाळी. काम उत्तम.’

काम उत्तम.

मी माळ्यावर बसूनच राहिलो. खाली आलो तेव्हा ही नव्हती. शिवणाची डबी खिडकीत होती. झाकण गोल फिरवून पाहिलं. दोन खाचा जवळजवळ, एक लांब. छत्तीस वर्षं ही डबी माझ्या डोळ्यांसमोर आहे.

१३ मार्च

हिला सकाळीच विचारलं. वही पुढे ठेवली, बिल्ला पुढे ठेवला, दोन तारखेचंही सांगितलं. तिने बिल्ल्याला हात लावला नाही.

म्हणाली, ‘भंगारातून आणलात त्याच संध्याकाळी मी पाहिला होता. तुम्ही अंघोळीला गेला होतात. अंगठा फिरवला आणि कळलं, बाबा. मी लहान असताना ते दमून आले की त्यांची डबी मी घासायचे, अंधारातसुद्धा ओळखू यायची. म्हटलं, जेवताना सांगते. मी भांडी आवरून आले तर तुम्ही व्हाइस लावून बसलेले. पहिली खाच गेलेली होती.’

मी विचारलं, मग ओरडली का नाहीस?

‘ओरडून ती परत आली असती का? तुम्ही म्हणालात, तुझ्या बाबांचा आहे, बघ आता कसा करतो. इतक्या हौसेने म्हणालात. बाबांसाठी तुम्ही कधी काही केलं नव्हतं. मला वाटलं, करू दे.’ मग म्हणाली, ‘राग आला होता. खूप वर्षं होता. आता दोन तारखेला काजळीचे हात बघितले तेव्हा पुन्हा आला.’

हे कोणाला माहीत होतं, असं विचारलं. म्हणाली, फक्त धाकटीला सांगितलं होतं. धाकटीने जाण्याआधी टपालरावाला. आणि बजावलं होतं की दादांना कधी कळू द्यायचं नाही.

१४ मार्च, गुरुवार

डबा मी नेला.

त्याच्या घरी आठ-नऊ महिन्यांत मी पहिल्यांदा गेलो. भिंतीवर धाकटीचा फोटो, त्याखाली टेबल, टेबलावर बिल्ले. एवढंच घर उरलंय त्याचं. स्वयंपाकघराचा दिवा गेलेला होता, कधीपासून कोण जाणे.

मी म्हटलं, टपालराव, तुम्ही असं का केलंत? तो डबा उघडत होता. म्हणाला, तुमच्या सगळ्या आयुष्याचा संग्रह आहे, माझा काय, संध्याकाळ जावी म्हणून. मग फोटोकडे बघून म्हणाला, हिच्या वडलांच्या खाणीतलं काहीतरी हातात असलं की ही इथंच असल्यासारखं वाटतं.

मग त्या दुसऱ्या दोनशे अठराचं विचारलं. ताईला दाखवताना हात का थरथरत होता?

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. ‘दादा, मला वाटत होतं, देवा, हाच बाबांचा निघू दे. म्हणजे तुमच्या हातून काही झालंच नाही असं होईल.’

मला रडू आलं, ते मी भाजी तिखट आहे म्हणून निभावलं. मी भाजी खाल्लेली नव्हती.

तिथून दोघं वाचनालयात गेलो. त्याला यायचं नव्हतं, मी दंडाला धरून नेलं. बाईंना सगळं सांगितलं, डब्याबरोबर पिशवीत आणलेल्या नोंदवह्या पुढे केल्या आणि किल्ली टेबलावर ठेवली. बाईंनी आम्हाला घरी जायला सांगितलं. नोंदवह्या मात्र त्यांनी ठेवून घेतल्या.

१९ मार्च

बाईंचा निरोप: ताबडतोब या. मला वाटलं, संग्रह परत न्या म्हणणार.

त्यांनी सगळ्या वह्या वाचल्या होत्या. जिथे जिथे ‘दोष’ लिहिलंय तिथे कागदाची चिठ्ठी. एकशे चौऱ्याहत्तर चिठ्ठ्या. प्रत्येक खाच मी घासण्याआधी घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहून ठेवलेली. बाई म्हणाल्या, तुम्ही खुणा पुसल्यात खऱ्या, पण एकही नोंदवायची सोडली नाहीत.

दोष लिहून ठेवायची माझी खोड. सासरे म्हणायचे, याला पंगतीत बसवा, हा मीठ मोजेल.

२१ मार्च

तीन दिवस घरात कारखाना चालू आहे. ही पुठ्ठ्याच्या चकत्या कापते, मी वहीतून मापं सांगतो, टपालराव कात्रीने खाचा पाडतो. त्याच्या खाचा वाकड्या येतात. पहिल्या दिवशी मी दोनदा त्याच्या हातातून कात्री घेतली. मग सोडून दिलं. ज्यांनी मूळ पाडल्या त्यांच्याही वाकड्याच होत्या.

संध्याकाळी चकत्या आजीकडे नेल्या. पुठ्ठ्यावर अंगठा फिरवून तिने आत्तापर्यंत एकसष्ट माणसं सांगितली. माझ्या पेटीतली. बावीस वर्षं माझ्याकडे होती आणि मी एकालाही विचारलं नव्हतं. आजी प्रत्येक वेळी टपालरावाकडेच तोंड करून बोलते. मला अजून थोडं लागतं ते. आधीपेक्षा कमी.

२३ मार्च, शनिवार

उद्या दालन उघडायचं. मधल्या पेटीत दोनशे अठरा. चिठ्ठी मी लिहिली. टपालराव म्हणाला, दादा, मधली दोन वाक्यं गाळा, कोण विचारतंय. मी गाळली नाहीत. बाईंनी तशीच लावायचं कबूल केलं.

‘बिल्ला क्र. २१८. एकतीस वर्षं खाणीत काम केलेल्या कामगाराचा. त्याने पाडलेल्या तीन खाचा थोरल्या जावयाने दोष समजून घासून काढल्या. आता दिसतात त्या तीन खाचाही त्याच जावयाच्या, आणि खोट्या. खऱ्या कशा होत्या ते शेजारच्या डबीच्या झाकणावर पाहावं. ओळख पटवली: कामगाराची थोरली मुलगी, दिवेवाली आजी आणि धाकटा जावई.’

डबीचं मी हिला विचारलं नव्हतं. लिहून बसलो आणि मग सुचलं की ती द्यायची नाही. छत्तीस वर्षं हात लावू दिलेला नाही, आता काचेत ठेवायला देईल कशी. चिठ्ठी पुन्हा लिहायला घेतली.

हिने मागून वाचली. खिडकीतली डबी घेतली, सुया, दोरे, बटणं एकेक करून दुसऱ्या डब्यात ठेवली, डबी आतून पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली.

‘नीट न्या,’ म्हणाली. ‘आणि कड सरळ करू नका.’